परवा बंद

तुमच्या ऑफिसात काही बिघडलं की पहिला प्रश्न कोणता येतो? ‘काय झालं’ की ‘कोणी केलं’? घाईनं उत्तर देऊ नका. मीही एके काळी घाईनं दिलं असतं, आणि ते खोटं निघालं असतं.

मला एका बाईंबद्दल लिहायचं आहे. लिहिता लिहिता मी उठते, खिडकीपाशी जाते, परत येऊन बसते. ही सवय त्यांचीच लागली. पण आधी स्नेहलबद्दल सांगते, कारण खरं तर तिच्यासाठीच लिहिते आहे. वाशिमकडची मुलगी. आमच्या कंपनीत कंत्राटावर होती. एका मंगळवारी तिनं हातात दिलेली यादी वाचून एक काम केलं, आणि तिला नेमणाऱ्या एजन्सीच्या दप्तरात तिच्या नावापुढे ‘निष्काळजीपणा’ हा शेरा पडला. तो अजून तिथेच आहे. तो आहे तोवर तिला तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळत नाही. तो शब्द खोडून काढायला बाईंनी काय केलं, आणि मी काय केलं नाही, ते सांगते.

आमची कंपनी थंड गाड्यांतून नाशवंत माल पोचवणारी. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला तीन मजल्यांची इमारत. खाली गाड्या, वर आम्ही. सकाळी खिडकी उघडली की कांदा आणि डिझेल असा एकत्र वास यायचा. कंपनीचं सगळं संगणकाचं काम भाड्याच्या यंत्रांवर चालायचं, ज्याला जग क्लाउड म्हणतं त्यावर. तोही एक नाही, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन. असं कोणी ठरवलं नव्हतं. पहिला कंपनीच्या मालकांच्या जावयानं आणला. दुसरा आम्ही एक छोटी कंपनी विकत घेतली तिच्याबरोबर आला, लग्नात नवरीबरोबर एखादी आत्या येते तसा. तिसरा एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या हट्टापायी घ्यावा लागला. या तिन्हींवर मिळून आपलं नक्की काय काय चाललंय, हे पूर्ण माहीत असलेली व्यक्ती कंपनीत एकच. बाई.

त्यांचा हुद्दा इंग्रजीत लांबलचक होता. आम्ही ‘बाई’ म्हणायचो, शाळेत म्हणतात तसं. कोणी ‘मॅडम’ म्हटलं तर मागे वळून बघायच्या, जणू आणखी कोणी आत आलं आहे.

‘क्लाउड’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं त्यांना म्हणाले, “मला मल्टिक्लाउडमध्ये काम करायचंय.”

“अस्सं. म्हणजे आपण वेधशाळेत असायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “इथे ढग नाहीत. इथे तीन घरमालक आहेत आणि आपण तिघांचे भाडेकरू.”

हे त्या नुसतं बोलण्यासाठी बोलत नव्हत्या. लग्नानंतर पुण्यात त्यांनी नऊ भाड्याची घरं बदलली होती. कसब्यातून धनकवडीत, धनकवडीतून हडपसरला, पुन्हा आत कसब्यात. घर सोडताना काय बरोबर नेता येतं आणि काय भिंतीत राहून जातं, हे त्यांना अंगवळणी पडलं होतं. तिसऱ्या घरात त्यांनी हौसेनं भिंतीत कपाट करून घेतलं, सुतार लावून, आरशासकट. अकरा महिन्यांनी घरमालकाचा मुलगा परदेशातून आला आणि घर सोडावं लागलं. कपाट तिथेच राहिलं. “त्या आरशात आता त्याची सून वेणी घालते,” असं त्या सांगायच्या, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या आवाजात कुरकुर असायची.

त्यामुळे आमच्या विभागात ‘भिंतीतलं कपाट’ हा कामकाजाचा शब्द झाला होता. प्रत्येक क्लाउडवाला काही ना काही खास सोय देतो. फार सुंदर असते ती, पण फक्त त्याच्याकडेच चालते. त्यावर आपलं काम बसवलं की त्याला सोडून जाणं अवघड होतं. नवा मुलगा असं काही वापरायचं म्हणाला की बाई येरझारा घालता घालता थांबायच्या. “हे भिंतीतलं कपाट आहे का?” तो म्हणायचा, “थोडंसं.” “थोडंसं भिंतीत कपाट कसं असतं ते दाखवा मला.”

दर सहा महिन्यांनी त्या आमच्याकडून एक यंत्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे हलवून घ्यायच्या. चाललेलं असतानाही. गरज नसतानाही. आम्ही वैतागायचो. विभागप्रमुख म्हणायचे, “बाई, ह्यातून बिझनेसला काय व्हॅल्यू?” बाई म्हणायच्या, “उद्या मालकानं सामान उचला म्हटलं तर किती दिवसांत उचलाल? आपल्याला माहीत नाही. मला माहीत आहे. चार. मागच्या वेळी सहा लागले होते.”

त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. त्यांच्या खुर्चीवर केबलची भेंडोळी आणि एक छत्री बसलेली असायची. डबासुद्धा खिडकीशी उभ्यानं खायच्या. त्यांच्या चालण्याच्या वेगावरून आम्ही अंदाज बांधायचो: सावकाश म्हणजे विचार चाललाय, भरभर म्हणजे कोणाचं तरी नाव डोक्यात आहे. तिन्ही मालकांच्या दारांच्या किल्ल्या, म्हणजे बोटाएवढ्या तीन इलेक्ट्रॉनिक चकत्या, त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्याला सुई-दोऱ्यानं शिवून टाकल्या होत्या. स्वारगेटला बस पकडताना त्या पर्स चाचपून मोठ्यानं मोजायच्या, “एक, दोन, तीन.” एकदा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “मुलं का हो?” “छे, मुलं सांभाळायला इतकी कठीण नसतात,” असं म्हणून त्या बसमध्ये चढल्या.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पत्रकांवर वाढले. वडील कामगार संघटनेत; कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाच्या वेळीही पत्रकांचे गठ्ठे हलवून जागा करावी लागायची. मी अक्षरं शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’वरून. शाळेत निबंधालाही मी उद्गारचिन्हं देत असे. कंपनीत लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात मला दिसलं की कायम नोकरांच्या ओळखपत्राची फीत निळी आणि कंत्राटींची नारिंगी. नारिंगी फीतवाल्यांना कंपनीच्या बसमध्ये निळे बसल्यावर जागा उरली तर. मी रातोरात पत्रक लिहिलं आणि सकाळी लिफ्टमध्ये चिकटवलं: ‘व्यवस्थेनं माणसांना रंगांत वाटून टाकलं आहे!!’

दुपारी ते माझ्या टेबलावर परत आलं. लाल पेनानं तपासलेलं. ‘व्यवस्थेनं’ या शब्दाखाली रेघ आणि समासात बाईंचं सुवाच्य अक्षर: ‘ही कोण? कुठे बसते? फीत मागवण्याच्या कागदावर सही कोणाची आहे, ती शोधा आणि ते नाव लिहा.’ खाली बारीक अक्षरात: ‘उद्गारचिन्ह एक पुरे. तेही नसलं तरी चालेल.’

मी चिडले. भाषेचे धडे नको होते मला, पाठिंबा हवा होता. पण मी ती सही शोधली. प्रशासनातल्या एका साध्या माणसाची निघाली. बाई त्याच्याकडे गेल्या, उभ्याउभ्या काहीतरी बोलल्या, आणि पुढच्या वेळी फिती आल्या त्या सगळ्यांच्या करड्या. बसचा नियम मात्र तसाच राहिला, कारण त्याचा कागद कोणालाच सापडला नाही. बाईंना ते फार लागलं. “ज्याला मालक नाही ते बंदही करता येत नाही,” असं त्या दोन-तीन दिवस स्वतःशी पुटपुटत होत्या.

यंत्रांच्या बाबतीत त्यांनी हे कडकपणे लावलं होतं. तिन्ही ठिकाणी मिळून आमची शेकड्यांनी यंत्रं. कोणी कधी काय चालू केलं याचा पत्ता नसे. जगभर अशा यंत्रांना इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची माळ हेच नाव असतं. बाईंनी प्रत्येकाला मराठीत एक चिठ्ठी जोडायला लावली: कोणाचं, कशाला, कधीपर्यंत. “आईला फोनवर सांगता येईल असं लिहा,” ही त्यांची कसोटी. गिऱ्हाइकं हसायची. दर गुरुवारी अकरा वाजता बाई ज्यांना चिठ्ठी नाही अशा यंत्रांची नावं शाळेच्या हजेरीसारखी वाचायच्या. कोणी ‘माझं’ म्हणालं नाही तर ते यंत्र बंद करायच्या, पण पुसायच्या नाहीत. आठ दिवस ठेवायच्या. “आता ऐका. कोणी ओरडलं तर मालक मिळाला.” एकदा सहाव्या दिवशी मालकांच्या जावयाचा फोन आला, त्यांच्या मुलीच्या नृत्याच्या क्लासचे फोटो दिसत नव्हते. बाईंनी शांतपणे त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली: ‘जावयांचं. नाच. अरंगेत्रम होईपर्यंत.’

स्नेहल आली ती या चिठ्ठ्या नीट लावायला. हुशार होती, आणि तिला गप्प बसायची सवय नव्हती. बाईंच्या येरझाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, “बाई, तुम्ही बसत काहून नाही? पाय दुखत नाहीत काय?”

बाई म्हणाल्या, “बसलं की दुखतात.” मग थोड्या वेळानं खुर्चीवरची छत्री उचलून म्हणाल्या, “आपण बसा इथे.” ती खुर्ची स्नेहलची झाली.

आता तो मंगळवार.

आमच्या गाड्यांच्या डब्यात तापमान मोजणारे सेन्सर होते. ते दर थोड्या वेळानं आकडा एका यंत्राकडे पाठवायचे, आणि डबा तापायला लागला तर ते यंत्र ड्रायव्हरला मेसेज करायचं. हे यंत्र दुसऱ्या मालकाकडे होतं. आम्ही ते तिसऱ्याकडे नेत होतो. नवं तयार होत आलं होतं, बुधवारी ते सुरू करून जुनं बंद करायचं ठरलं होतं. सोमवारी बाईंनी जुन्या यंत्राच्या चिठ्ठीत लिहिलं: ‘तापमान. गाड्यांचं. परवा बंद.’

तारीख लिहिली नाही. इतरांनी तारीख लिहिली नाही की त्या चिठ्ठी परत पाठवायच्या. त्या दिवशी कोणाचा तरी फोन आला, वाक्य तसंच राहिलं.

आणि त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी नवा पडदा लावला होता. भिंतभर मोठा. तिन्ही क्लाउड एका ठिकाणी दिसणार, सगळं ठीक तर हिरवं. विकणाऱ्या सल्लागारानं सांगितलं होतं की आता हजेऱ्या नि चिठ्ठ्या नकोत. प्रमुखांना तो पडदा शुक्रवारी कंपनीच्या मालकांना दाखवायचा होता आणि त्यावर जुनाट कचरा दिसायला नको होता. मंगळवारी सकाळी ते म्हणाले, “जे जे बंद झालंय ते आज पुसून टाका. आठ दिवस वगैरे आता नको. लेट्स क्लोज इट.” बाई तेव्हा गिऱ्हाइकाकडे चाकणला गेलेल्या.

सगळ्या यंत्रांची यादी मी काढली. पडद्यावरून छापून. यादीत एक रकाना होता: यंत्र आत्ता चालू आहे की बंद. तो धरला तर मजकूर पानाच्या रुंदीत मावत नव्हता, अक्षर बारीक होत होतं. मी तो रकाना काढला. नाव आणि चिठ्ठी, एवढंच ठेवलं. छान दिसत होती यादी. ती स्नेहलला दिली.

तिनं वाचलं: ‘परवा बंद.’ परवा म्हणजे रविवार. रविवारी आम्ही खरोखरच दहा-बारा जुनी यंत्रं बंद केली होती. तिनं पुसलं. तुम्ही काय केलं असतं? दोन दिवस मागे आणि दोन दिवस पुढे यांना एकच शब्द असलेल्या भाषेत तुम्हीही तेच वाचलं असतं.

दुपारभर पडदा हिरवा होता; पुसलेलं यंत्र त्यावर नव्हतंच. एप्रिलचं ऊन. साडेचारच्या सुमारास खालून गाड्यांचं वेळापत्रक पाहणारे काका वर आले. म्हणाले, “अहो, आज एकाही गाडीची तक्रार नाही. सगळ्या गाड्या एकदम शहाण्या झाल्या काय?” आणि तेव्हा आम्हाला कळलं. तोवर कोल्हापूरकडे निघालेल्या एका गाडीचं कूलिंग साताऱ्याच्या पुढे कधीतरी बंद पडलं होतं. पुढे बसलेल्या ड्रायव्हरला काहीच कळलं नाही. दार उघडलं तेव्हा लग्नघरांसाठी निघालेलं श्रीखंड डब्यांच्या झाकणांतून बाहेर येत होतं. सगळा माल टाकावा लागला. कोणी खाल्ला नाही, हे नशीब.

गिऱ्हाईक खवळलं. त्यांना लेखी अहवाल हवा होता, आणि अहवालात एक चौकट होती: ‘जबाबदार व्यक्ती’.

गुरुवारी सकाळी प्रमुखांच्या केबिनमध्ये तो कागद तयार होता. चौकटीत स्नेहलचं नाव. कारण: ‘मानवी चूक’. खाली विभागातल्या चौघांच्या सह्यांच्या जागा. प्रमुख मला म्हणाले, “अगं, फॉर्मॅलिटी आहे. एजन्सीची मुलगी आहे, ते तिला दुसरीकडे लावतील. आपल्या माणसांवर यायला नको.”

मी सही केली.

हे मी असंच सोडते. पत्रकांवर वाढलेल्या मुलीनं सही केली. पेन त्यांचंच होतं, चांगलं चालत होतं.

मग बाई आत आल्या. कागद हातात घेतला आणि उभ्यानं वाचला. केबिन लहान, त्यामुळे येरझारा घालता येईनात. दारापासून खुर्चीपर्यंत दोन पावलं, परत दोन.

“‘मानवी चूक’,” बाई म्हणाल्या. “म्हणजे इतर चुका आपल्याकडे कोण करतं? माकडं?”

“मॅडम, टेम्प्लेटमध्ये तसंच आहे.”

बाईंनी मागे वळून पाहिलं. मग कागदाकडे. “इथे नाव चुकलंय. ‘परवा’ हा शब्द माझा आहे. तारीख न घालता मी लिहिला. दुसऱ्यानं लिहिला असता तर मी परत पाठवला असता.”

“पण डिलीट तिनं केलं.”

“वाचून केलं. जे लिहिलं होतं तेच वाचून. आता सांगा, बंद यंत्र आठ दिवस ठेवायचं, हा नियम कोणी उठवला?”

प्रमुखांनी घसा साफ केला. “तो बिझनेसचा निर्णय होता.”

“अस्सं. कुठे राहतात हे बिझनेस? बोलवा त्यांना, सही करू दे.”

बाई पुढे म्हणाल्या, “आणि यादीत चालू-बंदचा रकाना नव्हता. मूळ पडद्यावर आहे, मी आत्ता पाहिला. तो कोणी काढला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं का, हे मला आजही कळलेलं नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारला आणि वाट पाहिली. एसीचा आवाज येत होता. मी त्या एसीवरचा वीजबचतीच्या ताऱ्यांचा कागद वाचला, मग पुन्हा वाचला. माझी सही त्यांच्या हातातल्या कागदावर होती आणि शाई अजून नवी दिसत होती.

मी बोलले नाही.

बाईंनी पेन घेतलं, स्नेहलचं नाव एका सरळ रेघेनं खोडलं, वर स्वतःचं लिहिलं, आणि कागद टेबलावर ठेवून गेल्या. भरभर.

पण स्नेहलला त्या वेळी खाली दारावरच अडवलं होतं. एजन्सीचा मेसेज तिला सकाळी आठलाच आला होता: ‘आजपासून जाऊ नये.’ प्रमुखांनी अहवालाच्या आधीच फोन करून ठेवला होता. बाईंनी खोडलेला कागद गिऱ्हाइकाकडे गेला का, तेही माहीत नाही. नवा छापून घेतला असेल.

त्यानंतर बाईंनी ‘परवा’ हा शब्द टाकला. आमच्यासमोर एकदाही उच्चारला नाही. मार्केट यार्डात मिरची घेताना मिरचीवालीनं म्हटलं, “ताई, परवा ताजी येईल,” तर बाई म्हणाल्या, “गुरुवारी का?” त्यांच्या घरीही तेच चाललं होतं म्हणे, यजमान एकदा खाली आले तेव्हा कळवळून म्हणाले, “अहो, माझी दाढी कधी केली तेसुद्धा तारखेनं विचारते.” आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि जे एक सुटलं ते त्यांचंच होतं.

दर गुरुवारी हजेरी संपली की त्या रजा टाकून स्वारगेटजवळच्या एजन्सीच्या ऑफिसात जायला लागल्या. चौथ्या गुरुवारी मी म्हणाले, मी येते. ‘का’ असं त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली, भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, त्यात स्नेहल बसलेली. तिला अनुभवाचं पत्र हवं होतं. पत्र मिळालं होतं, आणि त्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता.

टेबलामागच्या माणसाला बाई म्हणाल्या, “हा शेरा काढायचाय. चूक माझी होती, तसं लिहून आणलंय.”

“ते तुमचं म्हणणं झालं मॅडम. पण सिस्टिममध्ये एकदा शेरा पडला की निघत नाही.”

“कुठली सिस्टिम? कोणाच्या भाड्याच्या जागेत आहे? नाव सांगा, मी काढून देते. पाच मिनिटांचं काम आहे.”

तो घाबरला. खरंच घाबरला. “तसं नाही हो. हेड ऑफिसवरून होतं ते.”

“हेड ऑफिसात कोण?”

“ते… टीम आहे.”

बाई खुर्च्यांच्या रांगेसमोरून चालायला लागल्या. इकडून तिकडे. तिथे बसलेली सात-आठ मुलं पाय आत घेत होती. मी स्नेहलजवळ जाऊन बसले.

तिनं हळूच विचारलं, “ताई, खरं सांग. मी चुकीचं वाचलं काय?”

“नाही.”

“मग काहून?”

मी तिला रकान्याचं सांगितलं. पान, रुंदी, बारीक अक्षर. सांगताना मलाच ते किती किरकोळ वाटत होतं. सहीचंही सांगितलं. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“त्या दिवशीच सांगायचं होतं ना,” ती म्हणाली. बस्स. मग पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली आणि बाईंना नमस्कार करून जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांना लेखी दिलं: रकाना मी काढला, अहवालावरची माझी सही मी मागे घेते. त्यांनी वाचलं, फायलीत ठेवलं, म्हणाले, “केस क्लोज झालीय. तू मनाला लावून घेऊ नकोस.” मला साधी नोटीसही आली नाही. मी कायम होते. ज्या चुकीसाठी तिची नोकरी गेली, तीच कबूल करून मला चहा विचारला गेला. ती नोकरी मी नंतर सोडली, पण ते काही मोठं केलं असं नाही. सोडायला माझ्याकडे नोकरी होती.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं चालू असतानाही त्या मागे उभ्या होत्या. शाल घेतली, नारळ घेतला, आणि सगळ्यांदेखत प्रमुखांना म्हणाल्या, “तो कागद अजून दुरुस्त झालेला नाही, लक्षात आहे ना आपल्या?” लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गंमत आहे. बाई अजूनही गुरुवारी स्वारगेटला जातात. एजन्सीतली माणसं तीनदा बदलली. नव्या माणसाला त्या पहिल्यापासून सगळं सांगतात.

आणि स्नेहल वाशिमला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. स्वतःचेही भरते. दोनदा तिची मुलाखत उत्तम झाली, रुजू व्हायची तारीखही मिळाली. मग पूर्वीच्या नोकरीची पडताळणी झाली, आणि पुढे फोन आला नाही. का आला नाही ते कोणी सांगत नाही. मला वाटतं तिकडे कोणालाही आपण काही वाईट केलं असं वाटत नसेल. त्यांनी फक्त एक शब्द वाचला.

म्हणून एक मागते, आणि मनापासून मागते. तुमच्यापैकी कोणी माणसं नेमण्याच्या जागेवर असेल, कोणाच्या टेबलावर असे अर्ज येत असतील, आणि एखाद्या चांगल्या अर्जाच्या मागे ‘निष्काळजीपणा’ असा एका शब्दाचा शेरा जोडून आला, तर तो अर्ज बाजूला सारू नका. फोन उचला. एजन्सीला नाही, त्या मुलीला लावा. ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ एवढंच विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत फोन ठेवू नका.